'लॉस्ट' आणि तिच्या वेबसाइटी: काय जुळतं, काय जुळत नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगलीत विश्रामबागला आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी 'लॉस्ट' पहिल्यापासून परत बघतोय. मिरजेहून, कुपवाडहून पण लोक येतात, आणि भडंगाची परात रिकामी होईपर्यंत जेवढी चर्चा एपिसोडवर होते तेवढीच त्या जुन्या वेबसाइटींवर होते. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. यात शेवटपर्यंतचं सगळं फोडलंय, ज्यांची मालिका बघून व्हायची आहे त्यांनी आधी ती संपवा.

वेबसाइटी म्हणजे नक्की कुठल्या?

मालिका अमेरिकेच्या एबीसी चॅनलची, २२ सप्टेंबर २००४ ते २३ मे २०१०, सहा सीझन. ओशनिक एअरलाइन्सचं फ्लाइट ८१५ एका गूढ बेटावर पडतं आणि वाचलेली माणसं तिथं अडकतात, त्यांची गोष्ट. तिच्यासोबत बऱ्याच साइटी निघाल्या, कथेतल्या कंपन्या आणि संस्था जणू खऱ्याच आहेत असं दाखवणाऱ्या. ओशनिक एअरलाइन्सची होती. हॅन्सो फाउंडेशनची होती, म्हणजे कथेत बेटावरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या आल्वार हॅन्सोची संस्था, ती साइट दुसरा सीझन चालू झाल्यावर २००५ च्या शेवटी शेवटी आली, मग मे २००६ मध्ये तिचं रूपच पालटलं आणि तिच्यातनं 'द लॉस्ट एक्सपिरियन्स' हा इंटरनेटवरचा खेळ सुरू झाला, तो सप्टेंबरपर्यंत चालला. आणि 'फाइंड ८१५', तो २००७ संपता संपता सुरू झाला आणि जानेवारी २००८ मध्ये चौथ्या सीझनच्या तोंडावर संपला. भांडणं होतात ती मुख्यतः या शेवटच्या दोन खेळांवरून.

हॅन्सोच्या साइटची दोन रूपं होती हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा. आपल्याकडं सालं पुरावरून सांगायची सवय, "पुराच्या वर्षी बघितलेली मी ती साइट" असं कोण म्हणालं तर २००५ धरायचं, म्हणजे त्यांनी बघितलं ते पहिलं रूप, नुसती संस्थेची ओळख आणि प्रकल्पांची यादी. खेळाची नायिका रेचल ब्लेकनं साइटमध्ये घुसून लपवलेली माहिती बाहेर काढली ते सगळं २००६ चं. एकानं पहिलं रूप बघितलेलं आणि दुसऱ्यानं दुसरं, आणि दोघं एकमेकांना खोटं पाडतात, हे आमच्यातच कितीदा झालंय.

ही सायन्स फिक्शन आहे का नक्की?

आहे. बेट काळात मागंपुढं सरकतं, विजेचुंबकाची प्रचंड ऊर्जा जमिनीखाली कोंडलेली आहे, पाचव्या सीझनमध्ये माणसं सरळ १९७७ मध्ये जातात. धूर, देव, भुतं पण आहेत, पण म्हणून सायन्स फिक्शन नाही असं होत नाही.

ओ दादा, 'ब्लॅक रॉक' जहाज १८४५ चं का १८६७ चं का १८८१ चं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सावकाश बघू.

पहिल्या सीझनच्या शेवटी जंगलाच्या मधोमध पडलेलं जहाज दिसतं, आत साखळ्यांनी बांधलेले सांगाडे आणि पेटीत डायनामाइट. साल कुणी सांगत नाही. दुसऱ्या सीझनच्या 'लॉकडाउन'मध्ये हॅचच्या, म्हणजे बेटावरच्या जमिनीखालच्या स्टेशनच्या, दारावर अंधारात चमकणारा नकाशा आहे, त्यावर मॅग्नस हॅन्सो आणि ब्लॅक रॉक यांचा उल्लेख येतो, म्हणजे जहाजाचा हॅन्सो घराण्याशी संबंध तिथंच पडद्यावर आला. मग चौथ्या सीझनचा 'द कॉन्स्टंट', २००८ चा. त्यात १९९६ मधला लिलाव दाखवलाय, लिलाववाला सांगतो की हे जहाज २२ मार्च १८४५ ला पोर्ट्समथहून सयामकडं निघालं आणि समुद्रात हरवलं, त्याच्या पहिल्या अधिकाऱ्याची वही सात वर्षांनी मादागास्करजवळच्या बेटावर चाच्यांच्या सामानात सापडली. आणि मग सहाव्या सीझनचा 'अब इटर्नो', २०१० चा, बेटावरच्या कधीच म्हातारा न होणाऱ्या रिचर्डची गोष्ट. कॅनरी बेटं, साल पडद्यावर लिहून येतं १८६७, त्याला गुलाम म्हणून विकत घेतात, वादळ येतं आणि जहाज बेटावर आदळतं.

वेबसाइटच्या खेळांच्या बाजूला साल येतं १८८१.

आता बहुतेक लोक म्हणतात की १८८१ ही वेबसाइटवाल्यांची चूक, विषय संपला. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या पेटीतल्या डायनामाइटकडं बघा. आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये. म्हणजे १८४५ ला निघून हरवलेल्या जहाजात ते असणं शक्यच नाही, त्याचा शोधच लागायचा होता. १८६७ धरलं तर त्याच वर्षी पेटंट आणि त्याच वर्षी कॅनरी बेटांकडून निघालेल्या गुलामांच्या जहाजात पेट्या भरून माल, ओढूनताणून बसवावं लागतं. १८८१ मध्ये मात्र काहीच अडचण नाही, तोपर्यंत खाणींच्या कामात डायनामाइट सर्रास वापरात होतं. म्हणजे ज्या सालाला सगळे नावं ठेवतात तेच जहाजातल्या मालाशी सगळ्यात चांगलं जुळतं.

आणि १८४५ विरुद्ध १८६७ हा घोळ तर मालिकेचा स्वतःचाच आहे, वेबसाइटचा तिथं संबंधच नाही. १८५२ च्या आसपास ज्याची वही चाच्यांकडं सापडली ते जहाज १८६७ ला माणसं घेऊन वादळात कसं सापडेल? कुणी म्हणतं लिलाववाल्यानं ऐकीव सांगितलं, कुणी म्हणतं बेटाजवळ काळच वाकडा चालतो. दुसरं मला थोडं पटतं, कारण त्याच 'द कॉन्स्टंट'मध्ये बेट आणि बोट यांच्या वेळेत फरक पडतो हे दाखवलंय, पण बावीस वर्षं म्हणजे फार झाली.

आमच्या भिंतीवरच्या चार्टवर १८६७ मोठ्या अक्षरात आहे कारण ते पडद्यावर घडताना दिसतं, आणि खाली बाकीची दोन सालं, कुठनं आली त्यासकट. ती खोडायची नाहीत.

४, ८, १५, १६, २३, ४२ चा खरा अर्थ कुठला, साइटवरचा का मालिकेतला?

'लॉस्ट एक्सपिरियन्स'मध्ये तुकडे तुकडे गोळा करून एक व्हिडिओ जुळवायचा होता, श्रीलंकेतला. त्यात १९७५ ची एक जुनी फिल्म दिसते आणि आल्वार हॅन्सो सांगतो की हे आकडे वालेन्झेटी समीकरणातले घटक आहेत, माणूसजात कधी संपणार ते सांगणारं समीकरण, आणि धर्मा इनिशिएटिव्हचं, म्हणजे हॅन्सोच्या पैशावर बेटावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं, काम म्हणजे त्यातला एक तरी घटक बदलणं. मालिकेत हे नाव कुणीच घेत नाही. सहाव्या सीझनच्या 'द सब्स्टिट्यूट'मध्ये गुहेच्या भिंतीवर बेटाचा रखवालदार जेकब याच्या उमेदवारांची, म्हणजे त्याच्या जागी येऊ शकणाऱ्यांची, नावं आकड्यांसकट दिसतात, लॉक ४, रेयेस ८, फोर्ड १५, जराह १६, शेफर्ड २३, क्वॉन ४२.

दोन्ही एकत्र राहू शकतात असं मला वाटतं. तेच आकडे जेकबकडं यादीत असतील आणि गणितात पण आले असतील, या मालिकेत हे आकडे विमानाच्या नंबरात, लॉटरीत, हॅचच्या झाकणावर सगळीकडंच येतात, बेरीज १०८ होते आणि हॅचमधलं बटण पण दर १०८ मिनिटांनीच दाबायचं असतं. दोन कागदांवर एकच आकडा दिसला म्हणून भांडण होत नाही.

खरी विसंगती धर्माच्या हेतूत आहे आणि ती कुणी विचारत नाही. व्हिडिओप्रमाणं धर्माची सगळी धडपड त्या समीकरणासाठी. पाचव्या सीझनमध्ये आपण १९७७ च्या धर्मात कितीतरी एपिसोड राहतो, स्वयंपाकघर बघतो, व्हॅन बघतो, कामगार हॅचच्या झाकणावर तेच आकडे सिरियल नंबर म्हणून ठोकताना दिसतात, आणि एकही माणूस समीकरणाचा स पण काढत नाही. हे लोक जग वाचवायला आलेत असं त्यांच्या वागण्यातनं कुठंच वाटत नाही.

धर्माचा फुल फॉर्म कुठल्या एपिसोडमध्ये सांगितलाय?

कुठल्याच नाही. 'डिपार्टमेंट ऑफ ह्युरिस्टिक्स अँड रिसर्च ऑन मटेरियल अ‍ॅप्लिकेशन्स' हे त्याच श्रीलंकेच्या व्हिडिओतनं आलंय. मालिकेतल्या 'ओरिएंटेशन' फिल्ममध्ये एवढंच आहे की १९७० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डीग्रूट जोडप्यानं हे सुरू केलं आणि पैसा डेन्मार्कच्या आल्वार हॅन्सोचा.

वेबसाइटच्या जगात 'लॉस्ट' ही टीव्ही मालिका आहे का खरी घडलेली घटना?

हा सगळ्यात अवघड. मे २००६ मध्ये हॅन्सो फाउंडेशनचा प्रवक्ता ह्यू मॅकिन्टायर अमेरिकेत जिमी किमेलच्या शोमध्ये येऊन बसला आणि म्हणाला की आमची संस्था खरी आहे आणि या मालिकेनं आमचं नाव वापरलंय. जुलैमध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनला मालिकेचे निर्माते डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूस स्टेजवर असताना रेचल ब्लेक प्रेक्षकांतनं उठून त्यांनाच जाब विचारते, की हॅन्सो खरी आहे आणि तुम्ही तिला साथ देताय. म्हणजे त्या जगात 'लॉस्ट' ही मालिकाच आहे, लेखक आहेत, चॅनल आहे.

पण त्याच खेळात गॅरी ट्रूप नावाचा लेखक आहे, तो फ्लाइट ८१५ मध्ये मेला असं सांगितलंय, त्याच्या पुस्तकाविरुद्ध हॅन्सोवाल्यांनी वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या. मग फ्लाइट ८१५ त्या जगात खरोखर पडलं. मालिका पण खोटी आणि विमान पण खरं, हे दोन्ही एकाच वेळी कसं?

वालचंदमध्ये शिकणारा आमच्यातला एक पोरगा म्हणतो, त्या जगात विमान खरंच पडलं आणि मग टीव्हीवाल्यांनी खरी नावं घेऊन त्यावर मालिका काढली. बरंच जुळतं त्याचं. अडतं कुठं, तर टीव्हीवाल्यांना हॅच, बटण, बेटावरची माणसं हे सगळं कळलं कुठनं, कारण त्या वेळी बेटावरनं तर कोणीच परत आलेलं नव्हतं. यावर अजून कुणी पटेल असं उत्तर दिलेलं नाही आणि मला वाटतं तो दुवा बनवणाऱ्यांनी जोडलाच नाही. खेळाचं म्हणणं होतं प्रेक्षकाच्या खऱ्या जगात घुसायचं, आणि प्रेक्षकाच्या खऱ्या जगात 'लॉस्ट' मालिकाच असते, मग तिथनं ही गाठ पडणारच.

गॅरी ट्रूपचं हस्तलिखित बेटावर होतं, मग पुस्तक छापलं कसं?

'बॅड ट्विन' मे २००६ मध्ये खरंच दुकानात आलं. बेटावर हर्ली आणि सॉयर त्याचे कागद वाचतात आणि जॅक ते जाळतो. खुलासा असा दिला की विमानात बसायच्या आधीच त्यानं प्रकाशकाकडं एक प्रत पोचवली होती. हे बसतं, यात विसंगती नाही.

'फाइंड ८१५' मधला सॅम थॉमस मालिकेत का नाही?

सॅम हा ओशनिकमध्ये आयटीचं काम करणारा, त्याची प्रेयसी सोन्या त्या विमानात हवाई सुंदरी. तिचा शोध घेत तो 'क्रिस्टियान १' जहाजावर पोचतो आणि सुंडा खंदकात विमानाचे अवशेष सापडतात तेव्हा तिथंच असतो. चौथ्या सीझनचा 'कन्फर्म्ड डेड' याच शोधापासून सुरू होतो, समुद्राचा तळ, कॅमेरा, अवशेष. सॅमचं नाव कुणी घेत नाही, पुढंही कधी नाही. घटना मालिकेनं घेतली आणि माणूस सोडून दिला. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्यांनी तो खेळ खेळला त्यांच्यासाठी त्या विमानातल्या माणसांमागं घरी कोण राहिलंय हे पहिल्यांदा सॅमनंच दाखवलं. मालिका बेटावरच्यांची, सॅम मागं राहिलेल्यांचा.

एवढ्या मोठ्या चॅनलकडनं असल्या चुका होतात कशा?

नाटकाला बॅकस्टेज केलेल्याला हे लगेच कळेल आणि विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत ते वेगळं सांगायला नको. पहिल्या अंकात नायकानं पत्र उजव्या खिशात घातलं आणि मध्यंतरात कपडेपटवाल्यानं कोट बदलला, तर तिसऱ्या अंकात हात रिकामा बाहेर येतो. दोघांनी आपापलं काम नीटच केलेलं असतं, मधे बोलणं झालेलं नसतं.

इथं पण तसंच. 'लॉस्ट एक्सपिरियन्स'च्या रचनेत मालिकेच्या पहिल्या दोन सीझनचे लेखक हाविएर ग्रियो-मार्क्सवाच यांचा हात होता, म्हणून त्यातला धर्माचा इतिहास मालिकेच्या बराच जवळ वाटतो. 'फाइंड ८१५' ऑस्ट्रेलियातल्या हूडलम कंपनीनं केलं, आणि ते आलं तेव्हा अमेरिकेत लेखकांचा संप चालू होता, ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८. त्यात परत जाहिरातदार, २००६ च्या खेळात स्प्राइट, जीप, मॉन्स्टर, व्हेरायझन अशा कंपन्यांची पानं कथेत घुसवली होती. आणि देशादेशाचं वेळापत्रक वेगळं, हा खेळ एबीसी, ब्रिटनचं चॅनल फोर आणि ऑस्ट्रेलियाचं चॅनल सेव्हन असा तिघांचा, आणि अमेरिकेत दुसरा सीझन संपत आलेला तेव्हा ब्रिटनमध्ये तो कुठं सुरू होत होता. ज्यांनी हॅच उघडलेलं अजून धड बघितलं नाही त्यांना आतल्या संस्थेचा इतिहास सांगायचा, तोही पुढचं काही न फोडता.

आणि महत्त्वाचं म्हणजे साइट आधी येते आणि एपिसोड नंतर लिहिला जातो. २००६ च्या पानाला २०१० च्या एपिसोडची खबर असणार कुठनं?

पानावरची तारीख एक दिवस मागं दिसते, ही पण विसंगती धरायची का?

नाही. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला एपिसोड लागतो तेव्हा आपल्याकडं दुसऱ्या दिवसाची पहाट झालेली असते, उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. शिवाय अमेरिकन लोक महिना आधी लिहितात, ५/३/२००६ म्हणजे त्यांचा ३ मे, आपण वाचतो ५ मार्च. आमच्या वहीतल्या निम्म्या तक्रारी या दोन गोष्टी तपासल्यावर निकालात निघाल्या. आधी हे बघा आणि मगच बोट दाखवा.

'डॉक्टर हू'वाल्यांचं पण असंच आहे म्हणे?

हो, ती बीबीसीची मालिका, निळ्या पेटीतनं काळात फिरणाऱ्या डॉक्टरची आणि त्याच्यासोबतच्या रोझची, आणि तिथली गाठ जास्त सरळ आहे. २६ मार्च २००५ च्या 'रोझ' एपिसोडमध्ये रोझ कॉम्प्युटरवर डॉक्टरला शोधते, निळ्या पेटीचा शब्द घातल्यावर डॉक्टरचा माग काढणाऱ्या क्लाइव्हची साइट सापडते, आणि बीबीसीनं ती साइट खरोखर काढली. क्लाइव्ह मेल्यावर ती रोझचा मित्र मिकी चालवतो. मग १६ एप्रिलच्या 'एलियन्स ऑफ लंडन'मध्ये डॉक्टर रोझला बारा तासांनी परत आणायचं म्हणून बारा महिन्यांनी आणतो, आणि तिथनं पुढं मालिकेचं 'आज' आपल्यापेक्षा एक वर्ष पुढं. आता मिकीची साइट आपण २००५ मध्ये वाचतोय आणि तो लिहितोय २००६ मधनं. पानावर तारीख टाकली तरी अडचण, नाही टाकली तरी अडचण. एका एपिसोडमधल्या एका छान वळणानं साइटचं घड्याळ कायमचं बिघडलं.

मग शेवटी खरं कुणाचं धरायचं?

आमच्याकडं क्रम असा आहे. पडद्यावर घडताना दिसलं ते पहिलं. पडद्यावर कुणीतरी तोंडानं सांगितलं ते दुसरं, कारण पात्र खोटं बोलू शकतं, चुकू शकतं, बेन लायनस तर दिवसभर तेच करतो. मग वेबसाइट. निर्मात्यांनी पण धर्मा आणि वालेन्झेटीचा मागचा इतिहास आपला मानला, हॅन्सोच्या हल्लीच्या भानगडी मात्र मालिकेत आणल्या नाहीत.

पण क्रम लावणं वेगळं आणि पुसणं वेगळं, यावर मी अडून बसतो. काही लोक सगळं एका सालात, एका अर्थात बसवून गुळगुळीत करायला बघतात, आणि मग १८८१ कुठंच दिसत नाही. पुसलं की डायनामाइटचा प्रश्न पण कुणाला पडणार नाही. त्या न जुळणाऱ्या सालांवरनंच कळतं की २००६ मध्ये गोष्ट कुठं चालली होती आणि २०१० मध्ये कुठं वळली. त्या लोकांनी मनापासून रचलेलं होतं ते, बदललं म्हणून फेकून द्यायचं नाही.

आता ती पानं उघडतच नाहीत, बघायची कुठं?

इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये बरीच आहेत, सगळी नाहीत. तिथं पत्त्यात चौदा आकडे असतात, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळं ग्रिनिच वेळेप्रमाणं. समजा २००६०५१२१८३००० दिसलं, तर ते १२ मे २००६, संध्याकाळी साडेसहा, म्हणजे आपल्या घड्याळात १३ मे चालू होतानाची मध्यरात्र. आणि ही पान साठवल्याची वेळ आहे, पान बनवल्याची नाही, यावरून गल्लत करू नका.

खेळातला बराच भाग फ्लॅशमध्ये होता. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालायचंच थांबलं. रफल नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं तर काही फाइली चालतात, काही अर्ध्यात अडकतात. व्हिडिओ लोकांनी आपापले जपून ठेवलेत त्यावर बरंच भागतं.

मला नवीन काहीतरी न जुळणारं सापडलं तर?

रविवारी घेऊन या, नाहीतर आधी ग्रुपवर फोटो टाका. वहीत चार रकाने आहेत: काय लिहिलंय, कुठल्या पानावर किंवा एपिसोडच्या कितव्या मिनिटाला, ते पहिल्यांदा कधी आलं, आणि तुम्ही स्वतः बघितलं का कुणाकडनं ऐकलं. चौथा रकाना मोकळा ठेवू नका. ऐकलेलं असेल तर पेन्सिलीनं लिहायचं, आणि कुणीतरी पान उघडून दाखवलं की मग पेनानं. ओशनिकच्या साइटवरच्या बऱ्याच गोष्टी अजून पेन्सिलीतच आहेत, कुणाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती पानं सेव्ह केलेली असतील तर हार्ड डिस्क तेवढी आणा, खराब झालेली असली तरी चालेल.